जिनिंगच्या शेडमधली वाघीण

व्यालेल्या म्हशीचा जार, म्हणजे वार, अडकला होता आणि माझा हात खांद्यापर्यंत आत होता, तेव्हा दवाखान्यातल्या शिपायाचा फोन आला. म्हशीच्या मालकानं फोन माझ्या कानाला लावून धरला.

"मॅडम, रोडवर वाघ हाय. ट्रकात. तुमाला बोलवायलेत."

आमच्या भागात तडसालाही वाघ म्हणतात आणि रानमांजरालाही. मी म्हटलं, "कसला वाघ? ट्रकात कशाला बसंल वाघ?"

"पट्ट्याचा हाय, मॅडम. पिंजऱ्यात. त्याच्यासंगं आलेला डॉक्टर चक्कर येऊन पडला. तुमी लवकर या, लय गर्दी व्हायली."

मी तेव्हा वालूरपासून जवळच्या एका गावच्या जनावरांच्या दवाखान्यात होते. मी मूळची पूर्णेची, वडील रेल्वेत होते. परभणीला शिकले आणि त्यानंतरची सगळी नोकरी गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्यांत गेली. वाघ आयुष्यात एकदाच पाहिला होता, कॉलेजच्या सहलीत, खंदकापलीकडे झोपलेला. म्हशीचं काम उरकलं, हात धुतले आणि स्कूटीवर निघाले. मे महिना होता. सकाळचंच ऊन डोळ्यांवर येत होतं.

सेलूकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वळणाच्या पुढे, ट्रक उभा होता. मागे निळी ताडपत्री, तिच्या फटीतून पिंजऱ्याचे गज दिसत होते. भोवती माणसंच माणसं. मोटारसायकली आडव्या लावलेल्या, बाया डोक्यावर पदर घेऊन शेताच्या बांधावर उभ्या, आणि जो तो मोबाइल उंच धरून. एकजण ट्रकच्या चाकावर चढून ताडपत्री वर करत होता. आतून आवाज आला. तो मी आधी कानांनी ऐकला नाही, पोटात जाणवला. चाकावरचा माणूस खाली पडला, लोक हसले आणि पुन्हा पुढे सरकले.

ट्रकच्या मागच्या फळीला पाठ लावून एक माणूस उभा होता. पन्नाशी ओलांडलेला, खाकी शर्ट घामानं काळा पडलेला. दोन्ही हात पसरून तो लोकांना अडवत होता. घसा पार बसला होता.

"तुम्ही डॉक्टर का?" त्यानं विचारलं.

"हो. पण मी गाईम्हशींची."

"चालतंय. या वर."

तो त्या वाघिणीचा राखणदार होता. मोठ्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयातून तिला दुसऱ्या राज्यातल्या प्राणिसंग्रहालयात न्यायचं होतं. तिथं एक वाघ एकटा होता, त्याच्याशी हिची जोडी लावायची होती. उन्हाच्या आत पोचायचं म्हणून ते रात्री निघाले होते. वाटेत त्यांच्या डॉक्टरला उलट्या सुरू झाल्या आणि पहाटे ट्रकचा गिअरबॉक्स गेला. दुसरा ट्रक येईल येईल म्हणता सूर्य वर आला आणि डॉक्टर रस्त्यातच कोसळला. त्याला कुणीतरी जीपमधून सेलूच्या दवाखान्यात नेलं होतं. उरले होते ड्रायव्हर, हा राखणदार आणि ती.

मी ताडपत्रीच्या आत गेले. तिथली हवा भट्टीसारखी होती. पिंजरा लोखंडी, बाजूंना फळ्या, दोन्ही टोकांना गज. ती उभी होती. मी पाहिलेल्या कुठल्याही जनावराचं डोकं एवढं मोठं नव्हतं. तोंड उघडं, जीभ बाहेर, कुशी भात्यासारख्या हलत होत्या. लाळ पातळ नव्हती, दोरीसारखी लोंबत होती. पुढच्या भांड्यातलं पाणी सांडून गेलं होतं. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. बाहेर कुणी शिट्टी मारली की गजावर झेप घ्यायची, दातांनी गज धरून ओढायची, आणि परत धापा टाकत उभी राहायची.

उष्माघात मी म्हशींत पुष्कळ पाहिला आहे. जनावर धापा टाकतंय तोवर ते झगडत असतं. धापा कमी झाल्या आणि अंग थंड झालं नाही, तर समजावं की ते हरत चाललंय. इथं एकच बरं होतं, ती अजून धापा टाकत होती.

"ए बये," राखणदार गजाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "मी हाय. इथंच हाय."

तिनं कान फिरवले आणि नाकातून बारीक फुर्र केलं. तेवढ्या धाकधुकीतही मला ते ऐकून चमत्कारिक वाटलं. आईनं टाकलेलं हे पिल्लू त्यानं घरी नेऊन बाटलीनं वाढवलं होतं आणि तसं फुर्र ती फक्त आपल्या माणसाला बघून करते, हे त्यानं मला मागाहून सांगितलं.

मी त्याच्या मोबाइलवरून त्यांच्या डॉक्टरला फोन लावला. तिकडे सलाइन चालू होतं, आवाज क्षीण होता. त्यानं तिचं वजन, वय सांगितलं, औषधांची पेटी कुठं आहे ते सांगितलं. "आधी सावली, मग पाणी, मग शांतता," तो म्हणाला. "पुढचं तुम्ही समोर आहात, तुम्हीच ठरवा मॅडम. मला नीट दिसतही नाहीये."

सावली कुठून आणायची? रस्त्याकडेची कडुलिंबं ट्रकच्या उंचीला पुरणारी नव्हती. तेव्हा मला पलीकडची जिनिंग मिल आठवली. कापसाचा हंगाम संपला की तिचं मोठं शेड रिकामंच असतं. छत उंच, चारी बाजूंनी भिंत, आणि कापसाला आग लागू नये म्हणून पाण्याचा मोठा हौद बारा महिने भरलेला. मी मालकाला ओळखत होते, त्याच्या दोन गाईंची बाळंतपणं मी केली होती. तो गर्दीतच उभा होता.

"माझ्या शेडात वाघ?" तो म्हणाला. "उद्या काही झालं तर विम्यावाला मला विचारंल ना, मॅडम."

"इथं रस्त्यावर ती दुपार बघणार नाही."

त्यानं एकदा ट्रककडे पाहिलं, खिशातून किल्ल्या काढल्या आणि आपल्या माणसाला ट्रॅक्टर आणायला पिटाळलं.

ट्रॅक्टरनं ट्रक ओढायला सुरुवात केली तेव्हा ती खाली बसली. मला ते आवडलं नाही. मी आणि राखणदार मागे पिंजऱ्यापाशी होतो, गर्दी दोन्ही बाजूंनी पळत होती. जिनिंगच्या फाटकातून ट्रक आत गेला आणि मालकानं फाटक ओढून घेतलं, तरी पन्नासेक माणसं आत शिरलीच. शेडमध्ये अंधारल्यासारखं वाटलं आणि जरा बरं वाटलं. पण लाईट नव्हती. मोठे पंखे होते ते नुसतेच टांगलेले.

"फवारा पाहिजे," मी म्हणाले. "बारीक पाणी अंगावर. बादलीनं नको, दचकेल."

मी हे मोठ्यानं बोलायला नको होतं. शेतकऱ्यांचा मुलूख, फवारणीचा पंप कुणाच्या घरी नाही? मी डॉक्टरशी फोनवर बोलत असताना तिघं-चौघं पाठीवर पंप घेऊन आलेसुद्धा. मी वळले तर एकजण ट्रकच्या फळीवर चढून पंपाचं नळकांडं गजांत घालत होता. पंपावर वाळलेले पांढरे ओघळ होते.

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. त्याचं मनगट धरून मी मागे ओढलं आणि आम्ही दोघं फळीवरून खाली आदळलो. त्याच्या नळकांड्यातून उडालेलं पाणी माझ्या साडीवर पडलं. वास आला तो कपाशीवर मारायच्या औषधाचा.

"मॅडम, उपकार करायलो तर मारायलात व्हय?" तो चिडून उभा राहिला.

"भाऊ, ह्या पंपात विष हाय. ती अंग चाटते. चाटून मरंल."

तो पंपाकडे पाहतच राहिला. "धुतला व्हता की," म्हणाला, पण हळू आवाजात. मग त्यानंच बाकीच्यांना मागे रेटलं. कृषी केंद्रवाला गर्दीत होता, तो गाडी काढून गेला आणि दोन कोरे पंप, खोक्यासकट, घेऊन आला. पहिला पंप ज्यानं भरला आणि मारला तो हाच माणूस, ज्याला मी पाडलं होतं. मी त्याला सांगत होते, मागच्या पायांवर, पोटाखाली, तोंडावर नको. तो अगदी नीट मारत होता.

ती पहिल्यांदा पाण्यावर गुरगुरली. मग सरकून बसली. मग पंजे पुढे टाकले आणि फवाऱ्याखाली पोट केलं. पिंजऱ्याच्या लाकडावरून पाणी गळायला लागलं. राखणदारानं भांडं भरून खालच्या फटीतून आत सरकवलं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"पी की गं," तो म्हणाला. "पी. किती तंगवशील."

तिनं प्यायला सुरुवात केली. मोबाइल धरलेले हात खाली आले. लपलप आवाज तेवढा येत होता. राखणदार पाठमोरा झाला आणि खाकी बाहीनं तोंड पुसायला लागला.

मला वाटलं, सुटलो. पण खरी परीक्षा दुपारनंतर सुरू झाली.

दुसरा ट्रक आला. पाठोपाठ वनखात्याचे दोन गार्ड आले, पोलीस साहेब आले आणि जिंतूरहून पिंजरा उचलायला हायड्रा क्रेन आली. बातमी पसरली होती. फाटकाबाहेर जत्रा भरली होती, भिंतीवर माणसं बसली होती. क्रेनचं इंजिन शेडमध्ये घुमलं आणि ती पुन्हा उठली. आता तिच्यात ताकद आली होती. तिनं गज दातांत धरला आणि झटके द्यायला लागली. लोखंडावर दात घासल्याचा आवाज मला आजही नको वाटतो. ओठ फाटले, लाळेत रक्त दिसायला लागलं.

पोलीस साहेब म्हणाले, "डॉक्टर, इंजेक्शन देऊन टाका. झोपली की उचलू. जागं जनावर मी उचलू देणार नाही. बाहेर बघा किती पब्लिक आहे."

मी काही बोलायच्या आत राखणदार पुढे आला. मला वाटलं तो नको म्हणेल. त्यानं माझ्यापुढे हात जोडले.

"झोपवा तिला, मॅडम. दात मोडून घेईल. वाघाचे सुळे गेले की वाघ काय राहिला? पाया पडतो."

पेटी माझ्याजवळ होती. औषध होतं, फुंकून मारायची नळी होती, मात्रा डॉक्टरनं सांगितलीच होती. सगळ्यांना तेच हवं होतं, आणि खरं सांगते, मलाही हवं होतं. ती झोपली असती तर माझ्या छातीतली धडधड थांबली असती. पण तिचं अंग अजून पुरतं निवलं नव्हतं. भूल दिली की जनावराला स्वतःला थंड ठेवता येत नाही. शिवाय तिनं पोटभर पाणी प्यायलं होतं, उलटी झाली तर पाणी फुप्फुसात. गाय अशी माझ्या हाताखाली गेलेली मी पाहिली आहे.

"नाही, मामा," मी म्हणाले. "ह्या उकाड्यात झोपवली तर उठायची नाही."

"आणि दात?"

"दाताचं मी काही सांगू शकत नाही."

त्याचा चेहरा बदलला. "तुमची नाही ती," तो म्हणाला. "म्हणून तुम्हाला सोपं आहे." आणि तो माझ्याकडे पाठ करून पिंजऱ्याकडे निघून गेला.

पोलीस साहेबांनी विचारलं, "मग जबाबदारी कुणाची?"

"माझी," मी म्हणाले. त्यांनी बाहेरची माणसं आणखी मागे हटवायला हवालदारांना सांगितलं आणि शेडमध्ये आम्हा मोजक्यांनाच ठेवलं. फवारा मारणारा तो माणूसही थांबला, त्याला कुणी जा म्हटलं नाही.

पिंजऱ्यावर ओली पोती टाकली, म्हणजे तिला बाहेरचं दिसू नये. क्रेनच्या साखळ्या चारी कोपऱ्यांना अडकवल्या. ऑपरेटर तिशीतला होता. आजवर त्यानं पाइप, ट्रान्सफॉर्मर आणि एकदा पुतळा उचलला होता, असं तो स्वतःच सारखं सांगत होता. घाबरल्यामुळे तो बोलत होता.

पिंजरा वर गेला. हातभर गेला, कमरेएवढा गेला. आत ती एकदम एका टोकाला धावली. तेवढ्या वजनानं पिंजरा कलला, एका कोपऱ्याची साखळी हुकात घसरली आणि पिंजरा तिरका लटकला. दाराकडचं टोक खाली. ती सगळी दारावर येऊन आदळली. सरकतं दार होतं, वरून खिळी घातलेली. आदळण्याबरोबर खिळी अर्धी वर आलेली मला दिसली.

ऑपरेटरनं लिव्हरवरचे दोन्ही हात काढून घेतले. तो केबिनमधून उडी मारायच्या बेतात होता. गार्ड मागे सरकले. पोलीस साहेबांचा हात कमरेला गेला. मी कुठंच गेले नाही, पण त्याला धैर्य म्हणू नये, पायच हलले नव्हते.

राखणदार पिंजऱ्याखाली शिरला. खांदा दाराला लावला आणि एका हातानं खिळी दाबून धरली. त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, गजाच्या आत, तिचं तोंड होतं. मी अपेक्षा करत होते की तो तिच्याशी बोलेल. तो बोलला ऑपरेटरशी.

"ए दादा. तिकडं नको बघू. माझ्याकडं बघ. बघतोस ना? घरी कोण कोण आहे तुला?"

"दोन पोरी," ऑपरेटर म्हणाला.

"बरं. आता हळूच खाली घे. पोरीला पाळण्यात ठेवतोस तसं. माझ्याकडंच बघ."

ऑपरेटरनं लिव्हर धरला. पिंजरा बोटाबोटानं खाली येत होता आणि त्याच्याबरोबर राखणदार गुडघ्यात वाकत होता. आत ती गज चावत होती. एक कट्ट असा आवाज झाला, वाळकं लाकूड मोडावं तसा. राखणदारानं डोळे मिटले, पण खिळीवरचा हात काढला नाही. पिंजरा जमिनीला टेकला. गार्डनी धावत येऊन खिळी ठोकली, वर तारेनं आवळली. मग साखळ्या पुन्हा बांधल्या, या वेळी पट्टेही घातले, आणि दुसऱ्यांदा पिंजरा सरळ गेला आणि दुसऱ्या ट्रकवर बसला.

मी पोतं बाजूला करून आत पाहिलं. ती बसली होती, धापा चालू होत्या पण लय धरून. डावीकडचा वरचा सुळा निम्म्यातून गेला होता. तुकडा पिंजऱ्याच्या ओल्या फळीवर पडला होता.

राखणदारानंही पाहिलं. मला वाटलं आता तो काहीतरी बोलेल आणि ते मला ऐकावं लागेल. तो नुसता ट्रकच्या सावलीत उकिडवा बसला. त्याचा हात कोपरापर्यंत सोलला होता, अंगठा सुजला होता. मी जनावरांची मलमपट्टी करते तशीच त्याचीही केली. पट्टी नीट बसत नव्हती.

"सैल झाली," तो म्हणाला. एवढंच.

मी पुन्हा बांधली.

दिवस कलल्यावर ते निघाले. जिनिंगच्या मालकानं सगळ्यांसाठी भाकरी, पिठलं आणि ठेचा आणवला होता. राखणदारानं दोन घास खाल्ले. त्यांचा डॉक्टर सेलूहून परत आला, चेहरा पांढराफटक. त्यानं तिचा दात बॅटरी मारून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मीही झोपवली नसती." मला ते राखणदाराच्या कानावर जायला हवं होतं. तो तेव्हा लांब, ड्रायव्हरशी बोलत होता.

ट्रक गेल्यावर मी जिनिंगच्या नळावर साडीचा तो भाग चोळचोळून धुतला. घरी पोचले तर नवऱ्यानं विचारलं, "खरंच पट्ट्याचा होता?" मी हो म्हणाले आणि मग मला हुंदका आला. तो का, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. आता वाटतं, "तुमची नाही ती" हे वाक्य मला लागलं होतं. कुठलंच जनावर माझं नसतं. म्हैस मालकाची, शेळी म्हातारीची. मी येते, हात घालते, जाते. जगलं तर त्यांचं जगतं आणि मेलं तर त्यांचं मरतं. त्या दिवशी मात्र काही तास ती माझी होती. माझ्या एका नाहीवर तिचा जीव टांगलेला होता, आणि हे त्याला दिसलं नव्हतं.

पावसाळा सुरू झाल्यावर त्याचा फोन आला. मी ओळखलाच नाही आवाज, कारण त्या दिवशी त्याचा घसा बसलेला होता.

"मी वाघिणीवाला, मॅडम."

त्यानं सगळं सांगितलं. नव्या ठिकाणी तिनं दोन दिवस मांसाला तोंड लावलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी हवा गार झाल्यावर भूल देऊन दाताचं काम केलं, मोडलेल्या सुळ्यावर टोपी बसवली. आता ती खाते. वाघाशी मात्र जमलं नाही. दोघांना शेजारी ठेवलं तर ती त्याच्यावर धावून जाते. "थोराड आहे तो, पण भितो हिला," तो म्हणाला, आणि त्यात थोडा अभिमान होता. तिथल्या लोकांनी ठरवलं होतं की घाई करायची नाही, दोघांच्या मधली जाळी थंडीपर्यंत तशीच ठेवायची.

"तुम्ही किती दिवस राहिलात तिकडं?" मी विचारलं.

"ती तिथल्या माणसाच्या हातचं खायला लागली आणि मी निघालो. तिला न सांगता निघालो. समोरून गेलो असतो तर तिनं फुर्र केलं असतं."

मग तो म्हणाला, "त्या दिवशी मी बोललो तुम्हाला. मनात ठेवू नका."

"मामा, दात तर मोडलाच की."

"मोडला," तो म्हणाला. "पण खाती आहे ना."

मग त्यानं विचारलं की तुमच्याकडे पाऊस कसा आहे, पेरण्या झाल्या का, तो फवारा मारणारा माणूस बरा आहे का. मी सांगितलं, सोयाबीन उगवलंय, आणि तो माणूस आता मला रस्त्यात भेटला की स्वतःहून थांबतो.

"आणि तुम्हाला आता काय काम दिलंय?"

"अस्वलं दिलीत," तो म्हणाला. "दोन आहेत. मादी लय खोडकर आहे, कुलपं चाटते. अजून ओळख व्हायचीय."